नौका-एंजिनातील प्रज्वलन-कालाचे दोष : शहापूर-मुरबाड परिसरातील एका उदाहरणाच्या आधारे

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. अशा भागात नौका-एंजिनाचा प्रश्न यावा याचे एखाद्या वाचकास नवल वाटेल. परंतु मुंबईस पाणी पुरविणाऱ्या मोठ्या जलाशयांपैकी तानसा (१८९२), मोडकसागर (१९५७), भातसा आणि मध्य वैतरणा (२०१४) हे शहापूर तालुक्यात अथवा त्याच्या सीमेवर आहेत, आणि मुरबाडच्या बाजूस औद्योगिक विकास महामंडळाचा बारवी जलाशय आहे. पाहणी, मासेमारी व पैलतीरी जाणे यांसाठी अशा पाण्यावर नावा लागतातच. याखेरीज काळू, भातसा आणि उल्हास या नद्या पावसाळ्यात कोणते रूप धारण करतात हे २६ जुलै २००५ रोजी सर्वांनी पाहिले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली, तेव्हा हजारांहून अधिक प्रवाशांना बाहेर काढण्यासाठी तेथेही नावा आणाव्या लागल्या.

नावेच्या मागील फळीवर अडकविलेले, दोरी ओढून सुरू करावयाचे छोटे पेट्रोल एंजिन हे या कामाचे नित्याचे साधन आहे. बचावासाठी राखून ठेविलेले असे एंजिन वर्षातील बहुतेक महिने झाकून ठेविलेले असते आणि ज्या दिवशी ते लागते त्या दिवशी विलंबास मुळीच सवड नसते. त्याच्या दोषांपैकी प्रज्वलन-कालाचा, म्हणजे कारागिरांच्या भाषेत टायमिंगचा दोष सर्वांत फसवा होय. तो का फसवा आहे आणि त्याचा निश्चित निर्णय कसा करावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. आधारासाठी शहापूर तालुक्यातील एका जलाशयावर आम्ही स्वतः तपासलेले एक एंजिन घेतले आहे.

ते एकाच सिलिंडरचे, दोन धावी एंजिन होते. नाव चालविणाऱ्या गृहस्थांच्या उजव्या मनगटावर फडके बांधलेले होते. त्यांनी तक्रार सांगितली ती एवढीच : “साहेब, हे यंदा उलटं मारतंय. दोरी हातातून हिसकावून घेतंय.” पुढे चौकशी करता असे कळले की, एंजिन एकदा चालू झाले की चालते, पण पूर्ण वेग दिला असता आतून खडे आपटल्यासारखा आवाज येतो. प्लग काढून पाहिला तेव्हा त्याचे चिनी मातीचे टोक पांढरे पडलेले असून त्यावर बारीक काळसर ठिपके होते. जवळच्या एका कारागिराने टायमिंगचा दिवा लावून पाहिला होता. ठिणगी खुणेवर बरोबर पडत होती. तेव्हा टायमिंग ठीक आहे असे धरून त्याने प्लग, ठिणगीचे वेटोळे व सीडीआयची पेटी हे तिन्ही भाग बदलले. दोष तसाच राहिला. कारागिराचे काम अव्यवस्थित होते असे मुळीच नाही. त्याने जी साक्ष घेतली ती साक्षच खोटी होती. ती खोटी कशी, हे कळण्यासाठी थोडी पूर्वपीठिका आवश्यक आहे.

सिलिंडरातील मिश्रण ठिणगी पडताच एकदम पेट घेत नाही. ज्योत प्लगपासून सुरू होऊन सिलिंडरभर पसरण्यास काही काळ लागतो. दाब परमावधीस पोचावयाचा तो दट्ट्या शिरोबिंदू ओलांडून भुजादंड सुमारे १२ ते १५ अंश फिरल्यावर. तेव्हाच त्या दाबाचा भुजेवर उत्तम उपयोग होतो. यास्तव ठिणगी शिरोबिंदूच्या आधी पाडावी लागते. ती जितके अंश आधी पडते त्या कोनास येथे अग्रकोन म्हटले आहे. एंजिन मिनिटास ५,००० फेरे घेत असेल तर भुजादंडास एक अंश फिरण्यास सुमारे ३३ दशलक्षांश सेकंद लागतात, म्हणजे २० अंशांना सेकंदाचा दीड हजारावा भाग. दोरीने ओढताना मिनिटास ३०० फेऱ्यांची गती मिळाली असे धरले तर तेच २० अंश जाण्यास ११ सहस्रांश सेकंद लागतात. एवढ्या अवधीत ज्योत आपले काम आटोपून बसते. परिणामतः दट्ट्या वर येत असतानाच त्यावर पूर्ण दाब पडतो व तो उलट ढकलला जातो. हाच दोरीचा उलटा झटका. म्हणून सुरुवातीस अग्रकोन लहान आणि वेगाबरोबर मोठा होत जावा अशी योजना बहुतेक एंजिनांत या ना त्या प्रकारे केलेली असते. जुन्या रचनेत वेगाच्या मुठीबरोबर ठिणगीची तबकडीच दांड्यांच्या साहाय्याने फिरत असे. नव्या रचनेत पुष्कळदा हे काम विद्युत्-मंडलाकडे असते.

आता ठिणगीचा क्षण ठरवितो कोण, ते पाहू. बॅटरीवर अवलंबून न राहता उच्च दाबाची ठिणगी देणारा मॅग्नेटो गॉटलोब होनोल्ड यांनी बॉशच्या कारखान्यात १९०२ मध्ये सिद्ध केला, आणि ओले एव्हिनरूड यांचे नावेच्या मागे लावावयाचे एंजिन १९०९ पासून अमेरिकेत विकले जाऊ लागले. या दोन्ही कल्पनांचा संयोग आजही तसाच आहे. प्रचक्राच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या, आतील कडेस चुंबक बसविलेले असतात. ते स्थिर वेटोळ्यांवरून फिरतात आणि वेटोळ्यांत विद्युत् उत्पन्न होते. जुन्या एंजिनांत पॉइंट उघडण्याच्या क्षणी ठिणगी पडते. सीडीआय पद्धतीत चुंबक एका लहान इशारा-वेटोळ्यासमोरून जाताना मिळणाऱ्या स्पंदाने धारित्रातील विद्युत् मुक्त होते. दुसऱ्या प्रकारात ठिणगीचा क्षण भुजादंड ठरवीत नाही, प्रचक्र ठरविते, हे नीट ध्यानात ठेविले पाहिजे. प्रचक्र व भुजादंड यांचा परस्परसंबंध बिघडला तर ठिणगी व दट्ट्या यांचाही संबंध बिघडतो.

हा संबंध राखण्यासाठी दंडाच्या निमुळत्या टोकावरील खाचेत एक लहानशी पोलादी चावी बसविलेली असते. पुष्कळ विद्यार्थ्यांची अशी समजूत आढळते की, प्रचक्राचा भार ही चावी वाहते. वस्तुतः भार वाहते ते निमुळत्या पृष्ठभागांमधील घर्षण, आणि ते घर्षण निर्माण करतो वरचा नट. चावीचे कार्य केवळ स्थान दाखविण्याचे आहे. नट पुरेसा आवळलेला नसेल, अथवा निमुळत्या भागावर तेल-वंगण राहिले असेल, तर घर्षण अपुरे पडते आणि जो भार चावीने कधीच वाहावयाचा नव्हता तो तिच्यावर येतो. मग एखादा जबर धक्का तिला कातरून टाकण्यास पुरेसा होतो. उन्हाळ्यात जलाशयाची पातळी उतरली म्हणजे बुडालेल्या झाडांचे बुंधे व काळे खडक पाण्याच्या पृष्ठभागाजवळ येतात. पंख्याच्या तुंब्यातील रबर धक्क्याचा काही भाग गिळते, सर्वच गिळते असे नाही. भुजादंड क्षणार्धात थांबतो, पण जड प्रचक्र आपल्या जडत्वाने फिरण्याच्या दिशेस किंचित पुढे सरकते.

ते पुढे सरकले म्हणजे चुंबक इशारा-वेटोळ्यापाशी लवकर पोचतो व ठिणगी लवकर पडते. मात्र टायमिंगची खूणही त्याच प्रचक्राच्या कडेवर कोरलेली असते. खूण आणि चुंबक दोघेही बरोबरीने, सारख्याच अंशांनी सरकलेले असतात. म्हणून दिव्याच्या उजेडात ठिणगी व खूण यांचा मेळ पूर्वीसारखाच दिसतो. बिघडलेला असतो तो या दोघांचा दट्ट्याशी असलेला मेळ, आणि दट्ट्या तर दिव्याला दिसतच नाही. घड्याळाचा काटा पुढे सरकविला आणि तबकडीही तेवढीच फिरविली तर काटा योग्य आकड्यावरच दिसेल, तसाच हा प्रकार आहे.

आता हा फरक किती सूक्ष्म असतो ते पाहावे. दंडाचा व्यास चावीपाशी २० मि.मी. असेल तर त्याच्या परिघावर एक अंश म्हणजे ०.१७ मि.मी. चावीवर केवळ १ मि.मी.ची पायरी पडली तरी कोनात ५.७ अंशांचा फरक पडतो. म्हणजे चावी पूर्ण तुटण्याची आवश्यकता नाही. ती अर्धवट कातरली जाऊन जागच्या जागी अडकून राहते, एंजिन चालू होते, चालते, आणि म्हणूनच कोणास संशय येत नाही. पूर्ण तुटलेली चावी त्या मानाने प्रामाणिक म्हणावी लागेल. तिच्यामुळे एंजिन बहुधा सुरूच होत नाही.

तेव्हा दट्ट्याचा खरा शिरोबिंदू स्वतंत्रपणे काढणे आणि तो प्रचक्रावरील खुणेशी जुळतो की नाही हे पाहणे, ही पहिली परीक्षा होय. यासाठी एंजिन चालू करावे लागत नाही. प्लगच्या भोकातून काडी अथवा पेचकस घालून दट्ट्या सर्वांत वर केव्हा येतो ते हाताने अजमावण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. ती विश्वसनीय का नाही हे गणिताने स्पष्ट होते. भुजेची लांबी r, संयोगदांड्याची l आणि शिरोबिंदूपासूनचा कोन θ असेल तर दट्ट्या शिरोबिंदूपासून सुमारे r[(१ − cos θ) + (r/२l) sin² θ] इतका खाली असतो. r = ३० मि.मी. व l = १२० मि.मी. घेतल्यास ५ अंशांना हे अंतर केवळ ०.१४ मि.मी. येते, १० अंशांना ०.५७, २० अंशांना २.२५ आणि २५ अंशांना ३.४८ मि.मी. म्हणजे शिरोबिंदूच्या दोन्ही बाजूंस पाच-पाच अंशांच्या पट्ट्यात दट्ट्या जवळजवळ स्थिर असतो, आणि आपल्याला शोधावयाचा दोषही पाच-सहा अंशांचाच आहे. हाताला ०.१४ मि.मी.चा फरक कळतो असे सांगणारे कारागीर आम्हांस भेटले आहेत. त्यांच्या हाताविषयी आदर बाळगूनही हे विधान मान्य करणे कठीण आहे.

याउलट, दट्ट्या शिरोबिंदूपासून बराच खाली असताना थोड्या कोनातही तो पुष्कळ सरकतो. या गुणाचा उपयोग करून घेणारी युक्ती जुनी व सोपी आहे. प्लगच्या भोकात पेच असलेला, गोल टोकाचा एक बोथट अटकाव बसवावा. तो दट्ट्याला शिरोबिंदूच्या आठ-दहा मि.मी. आधीच अडवील एवढा लांब असावा. प्रचक्र हाताने हळू फिरवून दट्ट्या अटकावास टेकला की स्थिर निर्देशकासमोर प्रचक्राच्या कडेवर खडूने रेघ ओढावी. मग उलट दिशेने फिरवून दट्ट्या पुन्हा टेकला की दुसरी रेघ ओढावी. दोन रेघांमधील, अटकावामुळे निर्देशकासमोर येऊ न शकलेल्या लहान कमानीचा मध्यबिंदू हा खरा शिरोबिंदू होय, कारण भुजायंत्रणा शिरोबिंदूच्या दोन्ही बाजूंस सममित असते. अटकावाची लांबी किती हे ठाऊक असण्याचेही कारण नाही. साध्या खडूने अर्ध्या अंशापर्यंत अचूकता मिळते. एक सावधगिरी मात्र बाळगावी : थंड पाण्याच्या पंपातील रबरी पात्यांचे चक्र एकाच दिशेने फिरण्यासाठी केलेले असते, आणि बरेच दिवस कोरडे पडलेले रबर उलट फिरविल्यास मुडपते. म्हणून एंजिनाचा खालचा भाग आधी उतरवून ठेवणे बरे. तसेच ठिणगीची तार धडास जोडून ठेवावी. पेट्रोलच्या वाफेजवळ मोकळी ठिणगी नको.

प्रस्तुत एंजिनावर ही परीक्षा केली. प्रचक्राचा व्यास १८० मि.मी. होता, म्हणजे कडेवर एक अंशास १.५७ मि.मी. मध्यबिंदू व कोरलेली खूण यांत ९ मि.मी. अंतर आले, म्हणजे ५.७ अंश. दट्ट्या खरोखर शिरोबिंदूवर असताना खूण निर्देशकाच्या पुढे गेलेली होती. दिवा २० अंश दाखवीत होता तेव्हा प्रत्यक्ष ठिणगी २५.७ अंशांवर पडत होती. दट्ट्याच्या भाषेत, २.२५ मि.मी. ऐवजी ३.६७ मि.मी. खाली असताना. दोरी ओढतेवेळी ५ अंशांवर पडावयाची ती जवळजवळ ११ अंशांवर पडत होती. मनगटावरील फडक्याचा, ठोक्यांच्या आवाजाचा व प्लगवरील ठिपक्यांचा उलगडा येथे झाला. ते ठिपके दट्ट्याच्या ॲल्युमिनियमचे होते. आणखी काही दिवस पूर्ण वेगाने चालविते तर दट्ट्यास भोक पडले असते, आणि ते नेमके कोणत्या दिवशी पडले असते ते सांगता येत नाही.

प्रचक्र ओढकाने काढल्यावर चावीवर सुमारे १ मि.मी.ची पायरी स्पष्ट दिसली. निमुळत्या भागावर वंगणाचा पातळ थर होता. मागे कोणीतरी गंज लागू नये या सद्हेतूने लावलेला.

पॉइंट असलेल्या जुन्या एंजिनात विचार किंचित निराळा करावा लागतो. पॉइंट उघडणारे उंचवट्याचे चाक काही रचनांत प्रचक्राच्या तुंब्यावरच असते, तर काहींत भुजादंडावर स्वतंत्र बसविलेले असते. पहिल्या प्रकारात वर सांगितले तेच घडते. दुसऱ्या प्रकारात चावी कातरली तरी ठिणगीचा क्षण बदलत नाही, पण त्या क्षणी चुंबक योग्य स्थानी नसल्याने ठिणगी क्षीण होते. तक्रार टायमिंगची न वाटता वेटोळ्याची वाटते. अशा एंजिनांत पॉइंटमधील फटही पाहावी. ती सामान्यतः ०.३५ ते ०.५ मि.मी. असते. उंचवट्यावर घासणारी टाच झिजली म्हणजे फट कमी होते व ठिणगी उशिरा पडते. फट वाढविल्यास ती लवकर पडते. पावसाळी दमट हवेत अनेक महिने पडून राहिलेल्या पॉइंटांवर ऑक्साइडचा थर जमतो. तेथे टायमिंगचा प्रश्नच नसतो. पॉइंट स्वच्छ करणे पुरेसे होते.

उशिरा ठिणगीची लक्षणे सौम्य असतात आणि म्हणून ती दुर्लक्षिली जातात. दोरी झटका देत नाही, एंजिन शांत चालते, फक्त जोर नसतो आणि ते तापते. याचे नेहमीचे कारण म्हणजे तबकडी फिरविणारे दांडे गंजून आखडणे. मूठ वळते, कार्ब्युरेटर उघडतो, पण ठिणगी सुरुवातीच्याच कोनावर राहते. संथ जलाशयात हा दोष वर्षानुवर्षे खपून जातो. तीच नाव उल्हास अथवा काळू नदीच्या पुरात नेली तर तिला प्रवाहाविरुद्ध पुढे सरकता येत नाही. मूठ हळूहळू वळवून तबकडी शेवटच्या अडणीपर्यंत जाते की नाही हे डोळ्यांनी पाहणे एवढीच याची परीक्षा आहे.

टायमिंगचा म्हणून जो दोष सांगितला जातो त्यांपैकी पुष्कळ दोष इंधनाचे असतात, हेही नमूद केले पाहिजे. देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढत जाऊन २०२५ पर्यंत २० टक्क्यांच्या आसपास पोचले. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते; टाकीत महिनोन्महिने राहिलेल्या इंधनात पाणी मर्यादेबाहेर गेले की पाणी व इथेनॉल मिळून तळाशी वेगळे होतात. जेटमध्ये राळ साठली म्हणजे मिश्रण विरळ होते, आणि विरळ मिश्रणही कार्ब्युरेटरमधून फटफट उडते, प्लग पांढरा करते. भेद ओळखावयाचा उपाय असा : एंजिन पाण्याच्या पिंपात चालू ठेवून चोक किंचित लावावा. त्याने चाल सुधारली तर दोष मिश्रणाचा, एरवी अन्यत्र शोधावा. पावसाळी हवेस दोष देण्याचा जो प्रघात आहे त्यात तथ्य थोडेच आहे. २८ अंश सेल्सिअस तपमानाच्या संपृक्त हवेत पाण्याची वाफ आकारमानाने पावणेचार टक्क्यांच्या आसपास असते; तेवढाच प्राणवायू कमी पडतो आणि ज्योत किंचित मंदावते. यामुळे शक्ती थोडी घटेल, पण मनगट मुरगळणार नाही.

या तालुक्यांतील कारागिरांचा हात मुख्यतः डिझेल पंपांवर बसलेला आहे. पुण्यात किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये स्थापन झाली; साताऱ्यास कूपरचा कारखाना त्याहूनही जुना. या एंजिनांनी महाराष्ट्राच्या शेतीला डिझेलची ओळख करून दिली. डिझेल एंजिनात ठिणगी नसते. तेथे टायमिंग म्हणजे इंधन फवारण्याचा क्षण, आणि तो अनेक रचनांत पंपाखालील पातळ पत्र्यांनी बदलतात. या अनुभवामुळे कारागिराचे लक्ष पंप व पत्रे यांकडे, म्हणजे समायोजनाच्या जागेकडे, आपोआप जाते. पेट्रोलच्या चुंबकी एंजिनात बहुधा समायोजनाची जागाच नसते. तेथे चुकू शकतो तो मूळ संबंध. विद्यार्थ्यांस हा भेद हाताने अनुभवावयाचा असेल तर नाव गाठण्याची आवश्यकता नाही. भात व गवत कापण्यासाठी वापरली जाणारी खांद्यावरची यंत्रे आता गावोगाव दिसतात. त्यांचे दोन धावी एंजिन, त्यातील प्रचक्र व चुंबक हे सर्व तत्त्वतः नावेच्या एंजिनासारखेच आहे. पुष्कळांत चावी प्रचक्राच्या तुंब्यातच ओतलेली असते. ती कातरली गेल्यास प्रचक्रच बदलावे लागते.

आमच्या एंजिनात नवी चावी बसविली. निमुळते पृष्ठभाग पुसून कोरडे केले व नट निर्मात्याने दिलेल्या मापाने, मापक पान्याने आवळला. अटकावाची परीक्षा पुन्हा केली तेव्हा मध्यबिंदू व खूण अर्ध्या अंशाच्या आत जुळले. दोरीचा झटका गेला. पूर्ण वेगातील ठोके मात्र कमी झाले तरी थांबले नाहीत. चोक किंचित लावताच ते बंद झाले, म्हणून कार्ब्युरेटर उघडला. मुख्य जेटच्या भोकात हिरवट राळेचे कडे होते. ते काढून, टाकीतील जुने पेट्रोल ओतून टाकून नवे भरल्यावर एंजिन पिंपात अर्धा तास व नंतर पाण्यावर एक तास पूर्ण वेगाने चालविले. प्लगचे टोक फिकट तपकिरी आले.